मोकळ्या केसांविषयी

राजारामपुरीत सातव्या गल्लीला माझं पार्लर.
दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं,
तेव्हा मी भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचते.
वाचनालयातून आणते, बहुतेक विलायती, मराठीत आलेल्या.
खडकावरचं घर, धुकं, लांबलचक जिना,
मालक देखणा आणि घुम्या,
आणि वरच्या मजल्यावर, कुलपात, एक बाई.

बाईचे केस नेहमी मोकळे.
कंबरेपर्यंत, काळेभोर, वाऱ्यावर उडणारे.
एवढ्यावरनंच वाचणाऱ्यानं ओळखायचं:
हिचं डोकं फिरलंय, हिच्या आईचंही फिरलं होतं,
घराणं कुठलं ठाऊक नाही, रंगही जरा दबलेलाच.
नायिकेचा मात्र घट्ट अंबाडा.
एकच बट सुटते,
तीही लग्न ठरल्यावर.

बावीस वर्षं मी केसांत हात घालून जगते आहे.
लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटतं,
साहेब, दहा वर्षं कोंडलेल्या बाईचे केस उडत नाहीत.
त्यांचा गोळा होतो.
आधी मानेपाशी, उशीला घासून घासून,
मग कानामागं,
मग एक बट दुसरीला धरते आणि सोडत नाही.
तुम्ही तिला किंकाळी दिलीत, नखं दिलीत,
रात्री फिरायला मेणबत्तीसुद्धा दिलीत.
जेवणाचं ताट वर जातं, रिकामं खाली येतं.
तेलाची वाटी एकाही पानावर नाही.

गेल्या मंगळवारी निगव्याहून बायाक्का आली.
भाचीनं आणली, सुनेत्रानं, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
पदराखाली जट,
मनगटाएवढी जाड, हळदीनं पिवळी पडलेली.
मूल पोटातच गेलं, मग मामी उठलीच नाही, भाची सांगत होती.
गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवली.
कुणी म्हणालं बाधा, कुणी म्हणालं सोंग.
अकरा महिन्यांनी खाली उतरवली तर केस असे.
तेव्हा सासूनंच पाय धरले.
देवी आली म्हणाली.

त्या दिवसापासून बायाक्काला कुणी मारलं नाही,
आणि कुणी शेजारी जेवायलाही बसलं नाही.
मंगळवारी, शुक्रवारी नारळ, तोही लांबनंच.
तिकडं भिऊन कोंडतात, आमच्याकडं भिऊन पुजतात,
विंचरत कुणीच नाही.

"आणि कोप झाला तर?" मी विचारलं.
माझाच हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.
बायाक्का म्हणाली,
"मान दुखती गं. सतरा वर्षं झाली, मान दुखती."

अर्धी बाटली खोबरेल गेलं.
शटर अर्धं ओढून घेतलं होतं.
कानाच्या वर, अगदी मुळाशी, कात्री अडली.
आत एक आकडा निघाला. साधा, काळा, गंजलेला.
म्हणजे त्याच्या आधी कधीतरी, एका सकाळी,
तिनं भांग पाडला होता,
आरशात बघून आकडा लावला होता
आणि शेणघाणीला गेली होती.

तिनं तो घेतला, पदरानं पुसला,
दातानं उघडला, जुन्या सवयीनं,
उरलेल्या बोटभर केसांत खोचला.
पडला. पुन्हा खोचला.
"ऱ्हाईना की गं," म्हणाली,
आणि तोंडावर हात न ठेवता हसली.

कादंबरी शनिवारी परत करायची आहे.
चाळीस पानं उरलीत, मी उघडली नाहीत.
वरची बाई मरणार हे ठाऊक आहे,
ती मेल्याशिवाय दुसरीला घर कसं मिळणार?
फक्त कशी, तेवढंच बघायचं राहिलंय.

जट नदीला सोडायची ठरली.
मी ती साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून दिली.
सुनेत्रानं पिशवी खांद्याला लावली
तेव्हा ती पोरगी
एका बाजूला कलली.